बैलाच्या सांगाड्यावरच्या तीन-चार ओळी

कोरी वही (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात भाचीच्या प्रवेशाच्या निमित्ताने एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात जावे लागले. कागदपत्रांच्या रांगेत तिचा क्रमांक लागायला दोन तास होते, तेव्हा तिथल्या शिपाईमामांनी शरीररचनाशास्त्र विभागाच्या संग्रहालयाचे दार उघडून मला आत बसवले. भिंतीकडेला घोडा, शेळी, कुत्रा आणि मधोमध लाकडी चौथऱ्यावर बैल असे सगळे सांगाडे उभे होते. बैलाच्या पायाशी पुठ्ठ्याची पाटी होती आणि तिच्यावर फक्त ‘बैल’ एवढाच शब्द होता.

पर्समध्ये किराण्याची यादी लिहायची वही होती. तिच्यात मी बसल्या बसल्या एक हायकू, म्हणजे जपानी धाटणीची तीन ओळींची कविता, लिहिला:

मरणाच्या या
पांढऱ्या हाडांतून
जीवन गाते

अक्षरे मोजली तर पाच-सात-पाच बरोबर भरतात, आणि तरीही हा हायकू वाईट आहे, हे मला तो लिहून झाल्यावर मिनिटभरातच कळले. तो लिहिण्यासाठी बैल पाहण्याची गरजच नव्हती. शेळीसमोर बसून, किंवा घरी पंख्याखाली पडूनही तो असाच लिहिता आला असता. मग मी ती ओळ खोडली आणि पुढचा पाऊण तास काही न लिहिता नुसती पाहत राहिले. हळूहळू मला जे खटकू लागले ते असे, की हा बैल वाटतच नव्हता, कारण त्याला वशिंड नव्हते. आपण लहानपणी पाटीवर बैल काढतो तेव्हा शिंगे आणि वशिंड काढले की बैल झाला; इथे शिंगे होती, पण पाठीवरून नजर फिरवली तर वशिंडाच्या जागी काहीच नव्हते. तेव्हा लिहिले ते असे:

वशिंड कुठे?
मणक्यांची ओळ ती
सरळ जाते

हेही जमलेले नाही, परंतु निदान हे दुसऱ्या जनावरावर लिहिता येणार नाही. प्राण्याच्या सांगाड्यावर अगदी छोट्या, म्हणजे तीन-चार ओळींच्या, कविता लिहून पाहाव्यात आणि एकमेकांच्या ओळी सोलून काढाव्यात, यासाठी हा धागा आहे. अट एकच आहे. ‘मृत्यू’, ‘जीवन’, ‘नश्वर’, ‘अनंत’ हे शब्द वापरायचे नाहीत. हाडांसमोर उभे राहिले की ते शब्द आपोआप तोंडात येतात, आणि एकदा ते आले की पुढे कोणी हाडाकडे पाहत नाही.

ओवीकार

अट मान्य आहे. दुसऱ्या हायकूतले ‘ती’ हे अक्षर मात्र निव्वळ भरतीचे आहे. ‘मणक्यांची ओळ’ इथे सहा अक्षरे होतात, सातवे हवे म्हणून ‘ती’ आली. छोट्या कवितेत एक अक्षर फुकट गेले तर ते वरणात लागलेल्या खड्यासारखे दाताखाली येते.

मुळात मराठीत सतरा अक्षरांचा हट्ट कशासाठी धरावा, असा माझा जुना प्रश्न आहे. जपानीत जे मोजतात ते आपले अक्षर नव्हे. तिथे दीर्घ स्वराची दोन एकके धरतात आणि शब्दाच्या शेवटी येणारा नुसता ‘न्’सुद्धा वेगळा मोजतात, म्हणजे ती मोजणी आपल्या मात्रांच्या जवळची आहे. आपण ‘क्यां’सारखे जोडाक्षर एकच मोजतो, त्यामुळे तेच सतरा आकडे आपल्याकडे वेगळ्याच वजनाचे होतात. मराठीत हायकू रुजवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या शिरीष पै यांनीही तीन ओळी आणि एक क्षण यांना महत्त्व दिले, आकड्यांना नाही. आणि आखीवच हवे असेल, तर आपल्या घरात अभंगाचा साचा आहेच: सहा, सहा, सहा, चार. बावीस अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक, आणि शेवटचा चरण आखूड. त्या आखूड चरणावर पाय अडखळतो, आणि तिथेच सगळी गंमत असते.

जुना पशुवैद्य

मी कविता लिहीत नाही, वाचतो. अशा संग्रहालयांत माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडी दुरुस्ती सुचवतो.

मणक्यांची ओळ तिथे ‘सरळ’ जात नाही. पाठीच्या पहिल्या काही मणक्यांवरचे काटे चांगले वीतभर उंच असतात आणि मागे कललेले असतात, गवत वाऱ्याने एका बाजूला झुकावे तसे. वशिंड त्या काट्यांवर बसलेले असते, परंतु ते केवळ स्नायू आणि चरबी यांचे असते. त्यात हाड नाही, म्हणून सांगाड्यात ते उतरत नाही. आपल्या देशी गुरांचे आणि वशिंड नसलेल्या परदेशी गुरांचे सांगाडे शेजारी ठेवले, तर सामान्य माणसाला त्यांतला देशी कोणता हे चटकन सांगता येणार नाही.

शिंगांविषयीही सांगतो. तुम्ही पाहिली ती बहुधा खरी शिंगे नसून शिंगांच्या आतली हाडे असावीत. बाहेरची खोळ नखांच्या जातीच्या पदार्थाची असते. हाडे पाण्यात कुजवून साफ करताना ती सैल होऊन मोज्यासारखी निघून येते. आत उरते ते खडबडीत, छिद्राछिद्रांचे हाड. खोळ परत चढवून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, पण ती हमखास चोरीला जाते.

कोरी वही

डॉक्टरसाहेब, ही दुरुस्ती शिरोधार्य आहे. मी पाऊण तास पाहिले आणि तरीही ‘सरळ’ लिहिले, म्हणजे मी मणके पाहिलेच नव्हते, नुसते वशिंड शोधत होते. आता असे लिहिते:

वशिंड गेले.
जू टेकायची जागा
मोकळी हवा

ओवीकारांनी पाहावे, सतरा अक्षरे आपोआप आली आहेत, भरती केलेली नाही.

ओवीकार

ही जमली. ‘टेकायची’ या साध्या क्रियापदामुळे जमली. जू बैलाच्या मानेवर टेकते आणि वशिंडाला अडून राहते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही ओळ लगेच कळेल. ज्याने पाहिलेले नाही त्याला तीन ओळींत समजावून सांगता येणार नाही, आणि सांगूही नये.

टेम्सकाठचा

बैल नाही, पण माझ्याकडे देवमासा आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या मुख्य दालनात निळ्या देवमाशाच्या एका मादीचा सांगाडा छताला टांगलेला आहे. १८९१ साली ती आयर्लंडमधील वेक्सफर्डच्या किनाऱ्याला लागली होती. २०१७ च्या जुलैमध्ये तिला या दालनात आणून सूर मारण्याच्या पवित्र्यात टांगले, आणि तिचे नाव ‘होप’ ठेवले. लांबी २५.२ मीटर, हाडे २२१, वजन सुमारे साडेचार टन. पूर्वी त्या जागी डिप्लोडोकस या डायनोसॉरच्या सांगाड्याची प्रतिकृती होती. मुलांना घेऊन गेलो की मुले खालच्या गर्दीत रमतात आणि मी वरच्या सज्जातून तिच्या शेपटीकडे पाहत उभा राहतो.

तुमचे वशिंड वाचून लक्षात आले की तिच्या बाबतीतही तेच आहे. देवमाशाची ती प्रसिद्ध, पाण्याबाहेर उचललेली दुहेरी शेपटी असते ना, तिच्यात हाडच नाही. मणके लहान लहान होत जातात आणि संपतात. ज्या पंख्याने ती समुद्र ढकलत होती तो पंखा संग्रहालयात नाही.

शेवटचा मणका.
त्यापुढे शेपटीएवढी
हवा टांगलेली.

कोरी वही

‘हवा टांगलेली’ फार आवडले. संग्रहालयातल्या बाकी सगळ्या गोष्टी तारेने टांगलेल्या असताना हवा कशाने टांगली असेल, असा प्रश्न पडून मी पुन्हा पहिल्या ओळीकडे गेले. रत्नागिरीला झाडगावच्या मत्स्यालयातही देवमाशाचा सांगाडा आहे; लहानपणी सहलीत पाहिला होता, पण शेपटीकडे पाहायचे असते हे तेव्हा कोणी सांगितले नाही. बाईंनी ‘बरगड्या मोजा’ म्हणून सांगितले आणि आम्ही बरगड्या मोजत बसलो.

माणदेशी

इथे सगळ्यांना नसलेल्या गोष्टींचेच वेड लागलेले दिसते. दोन कविता झाल्या आणि दोन्ही हवेवर संपल्या. तिसरीही हवेवर संपली, तर ती युक्ती ठरेल.

माझे वडील खिल्लार बैलांचे शौकीन. जनावरांच्या बाजारात त्यांच्या धोतराचा सोगा धरून मी फिरलो आहे. बैलाची पहिली परीक्षा दाताने होते. व्यापारी खालचा ओठ अंगठ्याने ओढतो आणि ‘दोन दाती’, ‘चार दाती’, ‘सहा दाती’ असे वय सांगतो. आठही दात आले की बैल ‘जुळला’. वरचा ओठ कोणी उचलत नाही, कारण बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसती टणक हिरडी असते. बैल नाखूश असतो, मान झटकतो, आणि त्याच्या नाकातला फुत्कार पाहणाऱ्याच्या मनगटावर ओला लागतो. हे आठवून लिहिले:

आठ दात. जुळलेला.
आता ओठ ओढून
पाहावा लागत नाही.

ओवीकार

या धाग्यावर आतापर्यंत आलेल्यांत ही मला सर्वांत चांगली वाटते. तिच्यात हळहळ आहे, पण हळहळीचा एकही शब्द नाही. ‘जुळलेला’ हा बाजारातला शब्द कवितेत आल्याबरोबर सांगाड्यासमोर एक गिऱ्हाईक उभे राहते. ते गिऱ्हाईक पंचवीस-तीस वर्षे उशिरा आलेले आहे.

जुना पशुवैद्य

कविता उत्तमच आहे. एक बारीक गोष्ट सांगतो, तिने कवितेला बाधा येत नाही. गुरांचे पुढचे दात जबड्यात मुळातच थोडे सैल बसलेले असतात, त्यामुळे सांगाडा तयार करताना ते गळून पडतात आणि नंतर चिकटवावे लागतात. आमच्या वेळी विद्यार्थी कधी कधी ते उलटसुलट क्रमाने चिकटवत. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाने वय ठरवताना जरा सांभाळून राहावे.

पाऊलखुणा

मला या सगळ्यात एक अडचण वाटते, ती स्पष्ट मांडते. बैलाच्या सांगाड्यासमोर बसून आपण वशिंडाची रिकामी जागा आणि दातांची संख्या लिहितो, परंतु तो बैल कोणाचा होता, कसा गेला, त्याच्या मालकाचे पुढे काय झाले, याविषयी कोणीच लिहीत नाही. ‘मृत्यू’ शब्दावर बंदी घालणे म्हणजे अवघड जागेवरून सोयीस्करपणे वळून जाणे नव्हे काय? जपानी हायकूकार बाशोसुद्धा १६८४ साली लांबच्या पायी प्रवासाला निघाला तेव्हा पहिल्याच हायकूत त्याने रानात पांढरी पडणारी हाडे मनाशी धरली होती, आणि ती हाडे कोणा परक्याची नव्हती, त्याची स्वतःची होती.

कोरी वही

पाऊलखुणाताई, आक्षेप योग्य आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. जेवढे आहे तेवढे देते. बाशोचे उदाहरण तुम्ही दिले आहे, तर त्याच हायकूत पुढे अंगाला झोंबणारा वारा आहे, हेही पाहू. हाडे मनात आहेत, वारा मात्र अंगावर आहे. त्या वाऱ्यामुळे ती हाडे वाचणाऱ्याला खरी वाटतात. मी बंदी शब्दावर घातली, गोष्टीवर नव्हे. माणदेशींच्या तीन ओळींत मृत्यू नाही असे तुम्हाला खरोखर वाटते का?

मालकाविषयी म्हणाल, तर त्या पाटीवर मालक नव्हता. तो मी कल्पनेने आणला असता, तर माझी पहिली ‘जीवन गाते’वाली कविताच वेगळे कपडे घालून परत आली असती. तुम्हाला एखादा मालक ठाऊक असेल, तर तुम्ही अवश्य लिहा.

पाऊलखुणा

ठाऊक आहे. माझे आजोबा. परंतु ते तीन ओळींत मावत नाहीत, म्हणून इथे लिहीत नाही.

जुना पशुवैद्य

सांगाडा कसा उभा करतात ते कोणी विचारलेले नाही, पण त्यात तुमच्या कामाचे काही निघेल असे वाटते. मांस काढून हाडे पाण्यात बरेच दिवस ठेवायची, मग धुण्याच्या सोड्यात मंद उकळायची, म्हणजे चरबी सुटते. नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडने ती उजळायची. घाई करून ब्लीचिंग पावडर वापरली, तर हाड खडूसारखे भुसभुशीत होते. मग छिद्रे पाडून मणके लोखंडी सळईत ओवायचे. सात मानेचे, तेरा पाठीचे, सहा कमरेचे, पुढे त्रिकास्थी आणि शेपूट. बरगड्यांच्या तेरा जोड्या. माणसाच्या मानेतही सातच मणके असतात आणि जिराफाच्या मानेतही सातच.

खरी पंचाईत पुढच्या पायांची होते. माणसाला गळ्याजवळ हसळीचे हाड असते, बैलाला ते नसते. त्यामुळे त्याचे पुढचे पाय धडाला कोणत्याही हाडाने जोडलेले नसतात. धड दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्याच्या हाडांच्या, मध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत तोललेले असते. स्नायू काढून टाकले की जोडायला काहीच उरत नाही. म्हणून प्रत्येक सांगाड्यात फरा आणि बरगड्या यांच्यामध्ये लोखंडाची पट्टी असते. नीट पाहिलेत तर दिसेल.

टेम्सकाठचा

हे वाचून लगेच लिहिले:

धड आणि पाय
कोणत्याच हाडाने
जोडले नव्हते

कोरी वही

टेम्सकाठचे, रागावू नका, पण ही अजून माहितीच आहे. डॉक्टरांनी ती गद्यात अधिक चांगली सांगितली आहे, कारण त्यांच्याकडे झोळी होती आणि तुमच्याकडे नाही. माहिती चकित करते तेव्हा कविता झाल्याचा भास होतो. मला स्वतःला असा भास आठवड्यातून दोनदा होतो. इथे कोणीतरी हवे आहे, पट्टी ठोकणारा, किंवा झोळी पाहिलेला.

माणदेशी

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, आमच्याकडे शिंगे साळून हिंगूळ लावत, त्यावर बेगड चिकटवत आणि टोकांना पितळी शेंब्या बसवत. डॉक्टरांनी खोळीचे सांगितल्यापासून डोक्यात घोळत होते:

हिंगूळ, बेगड, शेंबी
सगळे खोळीवर.
आतले शिंग कोरे.

ओवीकार

‘कोरे’ऐवजी दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. हा शब्द इथे पक्का बसला आहे. माझाही एक प्रयत्न आहे, तो अर्धवट पडून आहे. डॉक्टरसाहेब, बैलाच्या हृदयात हाड असते असे मी कुठेतरी ऐकले आहे. हे खरे की गावगप्पा?

जुना पशुवैद्य

खरे आहे. महाधमनी हृदयातून जिथे निघते तिथल्या तंतूंच्या कड्यात गुरांना हाड असते, साधारणतः दोन. मोठे दीडेक इंचाचे आणि थोडे वाकडे. सांगाड्याशी ते कुठेही जोडलेले नसल्यामुळे उभ्या केलेल्या सांगाड्यात ते ठेवत नाहीत. ठेवणार तरी कुठे, आणि कशाला टांगून?

ओवीकार

मग घ्या. सहा, सहा, सहा, चार:

काळजात हाड
होते म्हणतात
ओवल्या हाडांत
सापडेना

कोरी वही

‘म्हणतात’ या शब्दाने कमाल केली आहे. तो नसता, तर हीही नुसती माहितीच राहिली असती. आता इथे ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवून सांगाड्यात वाकून शोधणारा एक माणूस आहे. आखूड चरणाबद्दलचे तुमचे म्हणणे आज पटले. ही कविता हवेवरही संपलेली नाही, हे माणदेशींनी नोंदवून घ्यावे.

जुना पशुवैद्य

कविता सुरेख आहे, तरी शास्त्रीय हरकत नोंदवतो. ‘काळीज’ हा शब्द मराठीत संदिग्ध आहे. खाटकाच्या दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते. यकृतात हाड नसते. ‘हृदयात हाड’ असे केले, तरीही अक्षरे सहाच भरतात, मी मोजून पाहिली.

ओवीकार

अक्षरे भरतात, डॉक्टरसाहेब, पण ‘हृदय’ हा शब्द रुग्णालयातल्या फळ्यावरचा आहे. ठोका चुकतो तो काळजाचा. खाटकाकडे मी काळीज मागतो तेव्हा मला हृदय नको असते हे तो ओळखतो, आणि वाचणारा हे उलट ओळखेल.

पाऊलखुणा

मीही काळजाच्याच बाजूची आहे. आजोबांचा उल्लेख मी वर केला होता. त्यांचा बैल गेला तेव्हा त्यांनी त्याला बांधावर आंब्याखाली पुरला. पुढे कित्येक वर्षांनी विहिरीच्या पाइपलाइनसाठी चर खणताना बरगड्या वर आल्या, आणि आजोबांनी चर तिथून वळवून घेतला. पाइपलाइनला अजून तिथे कोपर आहे. माझ्याकडे त्याच्या दोनच ओळी होतात:

आंब्यापाशी पाइपलाइन
विनाकारण वळते.

माणदेशी

ताई, ‘विनाकारण’ काढू नका. बाकी मी काही बोलत नाही.

कोरी वही

आजोबा तीन ओळींत मावत नाहीत असे तुम्ही म्हणाला होतात, आणि दोनच ओळी लागल्या. त्यात हाडाचा उल्लेखसुद्धा नाही. अटीत बसते की नाही ते ठरवण्याचा अधिकार मी सोडून देते.

जुना पशुवैद्य

काल रात्री जुने कपाट आवरले. त्यात कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या सापडल्या, एकेकाळी आम्ही नमुने ठेवण्यासाठी त्या जमवत असू. एकीवर चिठ्ठी नव्हती. झाकण उघडण्याआधी हलवून पाहिली, तर आत काहीतरी खडखडले. खारकेच्या बीएवढे हाड निघाले, थोडे वाकडे. नातवाने विचारले की हे काय आहे, तेव्हा उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला.

मी कविता लिहीत नाही, हे आधीच सांगितले आहे. तरीही अक्षरे मोजून घ्यावीत:

फिल्मची डबी.
हलवली की आत
काळीज वाजे

ओवीकार

काळीज? म्हणजे यकृत ना, डॉक्टरसाहेब?